डाव्या पायाचा फर्मा

१

आमच्या जिन्यावरून कोण चढतंय हे मला स्वयंपाकघरात बसून सांगता येतं. वरच्या मजल्यावरचे शिंपी टाच टेकवतच नाहीत, चोरासारखे चढतात. माणूस मात्र गरीब गाय. त्यांच्या शेजारची वकीलीण रिकाम्या हातानं आली की पायरीपायरीला सुस्कारे टाकते आणि पिशव्या भरून आणल्या की गुपचूप चढते, आत काय आहे ते कोणी विचारू नये म्हणून. आमच्या घरचे म्हणतात, हिचा घास तोंडात आणि कान जिन्यात. म्हणू देत. इमारतीत कोण आलं, कोण गेलं याची कोणाला तरी काळजी नको का?

आमच्या समोरचं दार नकाशेबाईंचं. त्यांना नाव आहे, दारावर पाटीही आहे, पण सगळी नोकरी नकाशे काढायच्या कचेरीत गेली म्हणून सगळ्यांच्या तोंडी नकाशेबाईच. लग्न केलं नाही. मला त्या वहिनी म्हणतात, मी त्यांना बाई. दुपारचा चहा एकतर त्यांच्याकडे नाहीतर माझ्याकडे, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

त्या दुपारी गेले तर बाईंच्या टेबलावर भलामोठा ट्रेसिंग पेपर पसरलेला. मला वाटलं, निवृत्तीनंतर पुन्हा हात शिवशिवले. पण नकाशा नव्हता, वंशावळ होती. भाचीला मुलांसाठी हवी होती. बाईंनी ती अशी काढली होती की कुठल्या डोंगरातून कुठली नदी निघाली ते दिसावं. प्रत्येकाचा एक चौकोन आणि चौकोनात दोन तारखा, आल्याची आणि गेल्याची. एकाच चौकोनात एक तारीख होती. बाईंचे आजोबा, वडिलांचे वडील.

हे आजोबा मी ऐकून होते, पण तुकड्यातुकड्यानं. त्या दिवशी सगळे सलग ऐकले. लहानपणी झाडावरून पडून त्यांचा डावा पाय आखूड राहिला होता. त्या पायात जाड तळाचा बूट लागायचा, खास मापाचा. बर्फाच्या कारखान्यात वजनकाट्यावर ते नोकरीला होते. तिथली फरशी सदा ओली, त्यामुळे तळ कुजायचे. एका सुट्टीच्या दुपारी बायकोला म्हणाले, चहा ठेव, बूट दुरुस्तीला टाकून येतो. पायात चपला, काखेत कागदात गुंडाळलेले बूट. ते गेले ते गेलेच. बाईंचे वडील तेव्हा एवढेसे, झोपलेले होते. बापाची एकच आठवण त्यांच्याजवळ होती, जिन्यावरचा आवाज. एक पाऊल हलकं, एक जड.

काही महिने वाट बघून आजीच्या भावानं दोघा मायलेकरांना गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी नेलं. तिथेही आजी दुपारी दाराला कडी लावू द्यायची नाही. जिन्यात पाऊल वाजलं की बोलता बोलता थांबायची.

"मेले असतील तर तारीख लिहीन," बाई म्हणाल्या. "पळून गेले असतील तर तेही लिहीन, मला लाज नाही. पण बाबा शेवटच्या आजारात म्हणाले, माझ्या बापानं आम्हाला टाकलं की नाही, एवढं शोध. शोधते म्हटलं मी. आता माझ्यामागे कोण शोधणार आहे, वहिनी?"

चहा निवून गेला होता. मी म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर. खोटं कशाला बोलू, निम्मी माया होती आणि निम्मी हौस.

२

नोंदणी कचेरीचं तळघर, तिथला खोकणारा कारकून, पिवळ्या पानांचा तो वास... मला तर माहेरी गेल्यासारखं वाटायला लागलं. आम्ही डबा घेऊन जायचो. बाई चष्मा लावून वाचायच्या आणि मी बोटानं ओळ धरून ठेवायची.

आजोबा हळूहळू भरत गेले. जन्म सापडला. शाळा सापडली, शेऱ्यात लिहिलं होतं, मुलगा हुशार, पण उशिरा येतो. मी म्हटलं, आखूड पायाचं पोर उशिराच येणार, मास्तरांना अक्कल नको? बाई खूप दिवसांनी हसल्या. मग लग्न, पहिली भाड्याची खोली, कारखान्यातली नेमणूक. न बघितलेल्या माणसाबद्दल मला घरच्यासारखं वाटू लागलं. रात्री यांना सांगायचे, आज आजोबांना नोकरी लागली. हे म्हणायचे, पेढे कुठायत?

मृत्यू मात्र सापडेना. पुढची कितीतरी वर्षं चाळली. दवाखान्यांच्या नोंदी बघितल्या, बेवारस म्हणून ज्यांना निरोप दिला त्यांच्याही बघितल्या. ते कुठेच मेले नव्हते.

एकदा परत येताना बाई मला आजोबांच्या जुन्या घराच्या गल्लीत घेऊन गेल्या. घर कधीच पाडलेलं. तिथे आता गाड्या लावायची मोकळी जागा आणि पत्र्याची चौकी. बाईंनी जुना नकाशा आठवून अंदाज घेतला, पावलं टाकली आणि हवेत बोट दाखवलं. तिथे, वर, स्वयंपाकघर. मी खरंच तिथे बघितलं. मोकळं आभाळ होतं, पण क्षणभर चुलीवरचं आधण दिसल्यासारखं झालं.

चौकीतला पहारेकरी डबा खात होता. आम्ही दोघी वर बघतोय म्हटल्यावर त्याला राहवलं नाही. म्हणाला, तुम्हीपण त्या जुन्या घरातल्या का? एक गृहस्थ येतात अधूनमधून. असेच उभे राहतात, वर बघतात आणि निघून जातात. दिसायला कसे, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, दुपारी येतात ना, मी जेवत असतो.

जुना भाडेकरू असेल कोणी, असं मी म्हटलं.

३

बूटवाल्याचं दुकान शोधायचं हे माझ्या डोक्यातून निघालं. इतकी वर्षं त्या घरात सगळ्यांनी माणूस शोधला, दुकान कोणी शोधलं नाही. आजीच्या भावानं म्हणे एकदा चौकशी केली होती आणि दुकान बंद दिसलं म्हणून परत आला होता. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी गेला असणार शहाणा.

आमच्या मागच्या गल्लीत ग्रंथालयात काम करणारी एक मुलगी राहते, तिच्याही एका पायात जाड तळाचा बूट असतो. तिचं पाऊल मी रोज ऐकते, पण बोलायचा कधी धीर झाला नव्हता. व्यंगावर बोट ठेवल्यासारखं होतं. शेवटी भाजीच्या गाडीवर गाठलं. आधी वांग्यांबद्दल बोलले, मग हवेबद्दल. तीच हसून म्हणाली, मावशी, बुटांचं विचारायचंय ना? मग तिनं पत्ता दिला. म्हणाली, अशा पायांसाठी पहिल्यापासून तेच एक दुकान आहे. तिसरी पिढी चालवते.

४

दुकान अरुंद आणि लांबलचक, बोगद्यासारखं. आत चामड्याचा आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास. मालक पन्नाशीचे, पण वडील जाऊन इतकी वर्षं झाली तरी बाजारात त्यांना धाकटे मालकच म्हणतात. माणूस बोलका. बसा ताई, बसा मावशी म्हणत दोन स्टुलं पुढे केली.

मी वर बघितलं आणि स्टूल मागे सरकवलं. भिंतभर, छतापर्यंत, जोड्याजोड्यांनी पाय टांगलेले होते. लाकडाचे.

धाकटे मालक म्हणाले, भिऊ नका, हे फर्मे. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाचा लाकडी पाय. त्याच्यावर चामडं ताणून बूट घडवायचा. साध्या पायांना तयार मापं चालतात, पण ज्याचा पाय वेगळा त्याचा फर्मा वेगळा, आणि तो दुकानात कायमचा राहतो. वय वाढतं तसा पाय बदलतो. म्हणून दर वेळी नवा फर्मा कोरत नाहीत. जिथे पाय सुजला, वाढला, तिथे चामड्याचा पातळ तुकडा चिकटवतात. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा फर्मा असा थरावर थर चढून जाडजूड झालेला असतो.

बाईंनी आजोबांचं नाव सांगितलं. असल्यास फार मागचा असेल, म्हणत ते शिडीवर चढले आणि एक जोड घेऊन खाली आले. लाकडावर शाईनं नाव होतं. बाईंनी डावा फर्मा मांडीवर घेतला. कोणाचं तान्हं मूल घ्यावं तसा.

"हा काळपट तुकडा माझ्या आजोबांच्या हातचा," धाकटे मालक बोटानं दाखवू लागले. आवडीचा विषय, रंगात आले. "असं चामडं आता बघायला मिळत नाही. त्याच्यावरचा हा लालसर वडिलांचा. इथे बघा, अंगठ्याच्या मुळाशी गाठ आलीय. पन्नाशीत येते अशी. इथे कुरूप. आणि ही टाच पसरलेली, हे सत्तरीच्या पुढचं काम."

"माझे आजोबा तिशीत घरातून गेले," बाई म्हणाल्या.

"मग पुढेही येत असणार की इथे. फर्मा कशाला खोटं बोलेल?" ते म्हणाले, आणि त्यांचं बोट सगळ्यात वरच्या तुकड्यावर थांबलं. तो फिकट होता, कडा अजून कोवळ्या. त्यांनी फर्मा उचलून नाकाशी नेला. मग खिडकीपाशी जाऊन उजेडात बघितला. परत आले तेव्हा रंग उतरला होता.

"हा माझ्या हातचा आहे," ते म्हणाले. "हे चामडं मी यंदाच आणलंय."

मागे कुठेतरी नळ ठिबकत होता. मी मनात हिशेब करून बघितला आणि सोडून दिला. एवढ्या वयाचा माणूस हिंडत नसतो, बूट तर शिवून घेतच नसतो.

बाईंनी शांतपणे विचारलं, कोण आलं होतं? ते आठवू लागले. दुपारी जेवणानंतर त्यांचा जरा डोळा लागतो. तेव्हा कोणीतरी आलं होतं, समोर बसलं होतं, पाय पुढे केला होता.

"आम्ही मान खाली घालून माप घेतो, ताई. गिऱ्हाईक वर, आम्ही खाली. पाय कधी विसरत नाही, तोंडाचं मात्र विचारू नका." त्यांनी हात अंगरख्याला पुसले. "पाय ओले होते. फडक्यानं पुसून मग माप घेतलं, ते आठवतं. फार थंड होते."

"काही बोलले?"

"जरा घाई करा म्हणाले. घरी वाट बघत असतील."

बाईंनी फर्मा छातीशी धरला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ थरथरत होती. रडत होत्या की काय कोण जाणे, आवाज नव्हता.

तयार मालाच्या फळीवर त्या मापाची जोडी होती. करकरीत नवी, काळी, डाव्याचा तळ जाड. चिठ्ठी कसलीच नाही. आपण ती शिवली हे त्यांना आठवत होतं. कोणाकरता, ते नाही. हात आपले चालत असतात, म्हणाले. तुम्ही नात आहात ना, मग घेऊन जा, आमच्याकडे तयार बूट पडून ठेवत नाहीत. मला वाटतं, त्यांना ते दुकानात नकोच होते.

निघताना बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर उभ्या उभ्या नकाशा काढला. दुकान, चौक, पाण्याची टाकी, मागची गल्ली, आमची इमारत, जिना, आमचा मजला. स्वतःच्या दारावर छोटीशी फुली केली. धाकट्या मालकांच्या हातात देऊन म्हणाल्या, ते आले तर हा द्या. सांगा, बूट घरी नेलेत.

माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या नकाशात त्यांच्या दारासमोर माझंही दार होतं.

५

येताना वाटेत मी तोंड उघडलंच. म्हटलं, बाई, राग मानू नका, पण पुरुषाची जात. दुसरं घर केलं असेल. त्यांचा मुलगा, नातू त्याच फर्म्यावर बूट करून घेत असेल. त्यालाही बापासारखा आखूड पाय.

बाई चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, झाडावरून पडलेलं वंशात उतरत नाही, वहिनी. मग पुढचा सगळा रस्ता त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर ते दुसरं घर खरं निघावं असं मला वाटत होतं. त्यात पाप असतं, पण भीती नसती.

बाईंनी बूट आपल्या दाराबाहेर ठेवले, पायपुसण्याच्या कडेला, बोटं आतल्या बाजूला. रोज सकाळी फडक्यानं पुसायच्या. दाराची कडी त्यांनी दुपारी लावणं सोडून दिलं. वकीलिणीनं मला जिन्यात गाठून विचारलं, बाईंकडे कोणी राहायला आलंय का? मी म्हटलं, यायचेत. आणि माझ्याच तोंडून हे कसं निघालं म्हणून घरात येऊन पाणी प्यायले.

६

तो दिवस उन्हाचा होता, सांगण्यासारखा काही नव्हता. हे पंख्याखाली घोरत होते. मी डाळ निवडत बसले होते. वर शिंप्यांचं मशीन चालू होतं, ते थांबलं. त्या शांततेत मला जिन्यावर पाऊल ऐकू आलं.

ते आमच्यातलं कोणाचंच नव्हतं. चप्पल नाही, बूट नाही. उघडा पाय. एक पूर्ण टेकायचा, दुसरा नुसत्या चवड्यावर. एक हलका, एक जड, आणि प्रत्येक पावलाबरोबर ओलं फडकं फरशीवर पडावं तसा बारीक आवाज. वरची टाकी भरून वाहत असेल, मी मनाला सांगितलं. पाणी जिन्यावरून उतरतं. पण पाणी चढत नाही.

पावलं आमच्या मजल्यावर येऊन थांबली. मला वाटलं आता घंटा वाजेल. घंटा वाजली नाही. बाईंचं दार कुरकुरलं, आणि बाईंचा आवाज आला, हळू, समजूत घातल्यासारखा. शब्द कळले नाहीत.

आमच्या दाराला भिंगाचं भोक आहे. जन्मभर ज्याला डोळा लावला त्याच्याकडे त्या दिवशी मला जाववेना. तरी गेले.

समोरचं दार सताड उघडं होतं. बाई उंबऱ्याच्या आत, बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. मान खाली. त्यांच्या मांडीवर टॉवेल होता आणि टॉवेलावर एक पाय. बाकीचा माणूस चौकटीच्या आड होता, विजारीची कड तेवढी दिसत होती, भिजलेली. तो पाय मी कधी बघितलेला नव्हता आणि मी तो ओळखला. अंगठ्याच्या मुळाशी गाठ. पसरलेली टाच. इतका म्हातारा पाय मी कोणाचा बघितला नाही. माणसं तेवढं चालतच नाहीत.

बाई तो टिपत होत्या. एकेका बोटामधून टॉवेल फिरवत होत्या, लहान मुलाला आंघोळ घातल्यावर टिपतात तसा. मग त्यांनी बूट चढवला, नाडी बांधली. दुसरा पाय पुढे आला.

मी डोळा काढून घेतला. दार लागल्याचा आवाज आला. मग आतल्या खोलीकडे जाणारी बुटांची पावलं.

बऱ्याच वेळानं मी बाहेर गेले. फरशीवर ओले ठसे होते, एक अख्खा, एक अर्धा. मी घरातून फडकं आणून ते पुसून टाकले. नाहीतर वकीलीण घसरली असती आणि इमारतभर बोभाटा झाला असता.

७

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच चहाला आल्या. चेहरा असा, जणू घरी बाळंतीण आणलीय. थकलेला आणि उजळलेला. मी कप पुढे केला, विचारलं काहीच नाही. मला विचारावं लागलं नाही असं आमच्या ओळखीत पहिल्यांदाच झालं.

"जरा उशीर झाला म्हणाले," बाई म्हणाल्या.

मी साखर ढवळत राहिले.

"दुकानातून घरी गेले तर घरच नव्हतं, म्हणाले. सगळीकडे विचारलं. लोक वेगवेगळे पत्ते सांगतात, कोणाला नीट सांगताच येत नाही, म्हणाले." बाई थोडं हसल्या. "नकाशा मात्र आवडला त्यांना. कोणी काढला म्हणून विचारलं."

"तुम्ही... तोंड बघितलंत?"

"नाही. मी नाड्या बांधत होते." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "आवाज तरुण आहे, वहिनी. माझ्या बाबांपेक्षा कितीतरी तरुण. पाय तेवढे थकलेत."

मी विचारलं, मग आता? चौकोनात काय लिहिणार? बाईंनी मान हलवली. त्यांनी टाकलं नव्हतं, एवढं बाबांना सांगायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, म्हणाल्या. पण खरी गोष्ट पुढेच होती. आजोबांनी विचारलं होतं, घरातली कुठे गेलीत? बाईंना सांगवलं नव्हतं. बायको गेली, पोरगंही म्हातारं होऊन गेलं, हे त्या तरुण आवाजाला कसं सांगायचं? त्या म्हणाल्या होत्या, बाहेर गेलीत, येतील. मग थांबतो, असं म्हणून ते आतल्या खोलीत जाऊन बसले.

"अजून?" मी विचारलं.

बाईंनी आपल्या दाराकडे बघितलं आणि उठल्या. एकटं ठेवायला नको, म्हणाल्या.

मी यांना सांगितलं. आमचे हे तसे समजूतदार. म्हणाले, एकटी बाई आहे, वय झालं, तू चहाला जात जा, उलट बोलू नकोस. मलाही तेच पटवून घ्यायचं होतं. मी जायला लागले. बाहेरच्या खोलीत आम्ही बसायचो, वंशावळ पुढ्यात. मध्ये पडदा, पलीकडे आतली खोली. कधी काही नसायचं. कधी खुर्ची करकरायची. कधी जाड तळाचा बूट खुर्चीच्या पायाला लागायचा, कंटाळलेल्या मुलाचा लागतो तसा, एकसारखा, बराच वेळ. बाई तेव्हा आवाज चढवून मला काहीबाही सांगायच्या, बालपणीचं, बाबांचं, आजीच्या हातच्या चहाचं. माझ्यासाठी नव्हतं ते, मला कळायचं. पलीकडचा बूट थांबून ऐकायचा.

आणि तुम्हाला नवल वाटेल, पण त्या दुपारी मला आवडायला लागल्या होत्या. अंगावर काटा असायचा आणि तरी घरात कोणी वडीलधारं बसलंय असं वाटायचं.

८

मग बाईंची छाती दुखली. भाची येऊन त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. जिना उतरताना बाईंनी माझा हात धरला, किल्ली तळव्यात दाबली. भाचीला वाटलं झाडांना पाणी घालायला असेल.

"दुपारी बसत जा," बाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "विचारलं तर सांगा, येतील. तेवढंच विचारतात."

एकदोन दिवसांचं काम म्हणून गेल्या. भाचीचा फोन येतो, मावशीला अजून सोडत नाहीत म्हणते. काल आवाज बरा नव्हता तिचा. मी काय समजायचं ते समजले. हे म्हणतात, किल्ली भाचीला देऊन मोकळी हो, आपला काय संबंध? संबंध नाहीच. पण घरात माणूस बसलंय आणि दार बाहेरून लावून घ्यायचं, हे मला जमत नाही.

आज दुपारी गेले. वंशावळ टेबलावर तशीच, धूळ पुसली. पडद्याकडे पाठ करून बसवत नाही आणि तोंड करूनही बसवत नाही, म्हणून मी खिडकीपाशी तिरकी बसते. विणकाम नेलं होतं. वर शिंप्यांचं मशीन चाललं होतं तोवर बरं होतं.

मशीन थांबलं. आत खुर्ची सरकली. एक हलकं, एक जड, अशी पावलं पडद्यापर्यंत आली. पडद्याखालून बुटांची टोकं दिसली, बाईंनी पुसून चकचकीत ठेवलेली. एवढ्यातच त्यांच्यावर बुरशी धरली होती. मी नजर विणकामावर ठेवली. टाके सुटत होते.

"आली का घरातली?" खरंच तरुण आवाज. कोणाच्याही घरातला असावा असा, जरासा ओशाळलेला.

"येतील," मी म्हटलं.

"ती मघाची मुलगी कुठे गेली?"

बाई साठी ओलांडलेल्या आहेत. म्हटलं, तीही येईल. कामाला गेलीय.

मग बुटांची टोकं वळली, दाराच्या दिशेनं.

"फार वेळ झाला," तो म्हणाला. "मीच जरा खाली जाऊन बघून येऊ का?"

दार माझ्या डाव्या हाताला होतं आणि कडी लावलेली नव्हती, बाईंनी लावायची नाही म्हणून सांगितलेलं. जाऊ दिलं असतं तर मी मोकळी झाले असते. किल्ली भाचीला दिली असती, दुपारी झोपले असते. मला ते गाड्यांचं मोकळं मैदान दिसलं, वर बघत उभा असलेला माणूस दिसला, आणि ते पाय दिसले.

मी उठले आणि कडी लावली.

"नको," मी म्हटलं. "बसा तुम्ही. चुकामूक होईल."